बडोद्यात दोन बँडांची रात्र : पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

पोस्टरवर दोन नावं असतात. एक मोठ्या अक्षरांत, दुसरं त्याच्याखाली लहान. बडोद्यातले निम्मे श्रोते मोठ्या नावाच्या वेळेला उगवतात, जेवूनखाऊन, आणि दारातल्या पोराला विचारतात, "अरे, एक बँड झालासुद्धा?" झाला. आणि पुष्कळदा तोच जास्त बरा होता.

ज्यांनी असा कार्यक्रम अजून पाहिलेलाच नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. युनिव्हर्सिटीत नुकतीच आलेली नाशिक-जळगावची मुलं, दांडिया बाजार-रावपुऱ्यात बैठकी ऐकत वाढलेली मंडळी, आणि मुलगी एवढं म्हणतेय तर एकदा जाऊन बघू म्हणणारे आईवडील. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते : लहान अक्षरांतल्या नावासाठी जा. तिकीट कधी काढायचं, घरून कधी निघायचं, कुठे उभं राहायचं, हे सगळं त्यावरूनच ठरवा.

इंडी पॉप म्हणजे सिनेमासाठी नाही, तर स्वतःची म्हणून गाणी लिहिणारे आणि ती स्वतःच वाजवणारे लोक. बहुतेक चार-पाच जण : गिटार, बेस, ड्रम, कीबोर्ड आणि गाणारा गळा. कोचीचा व्हेन चाय मेट टोस्ट, दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी ही देशभर फिरणारी नावं. चाली लक्षात राहणाऱ्या, गाणी तीन-चार मिनिटांची. कळायला अवघड काही नाही.

तारीख बघताना

शारदीय नवरात्राच्या आसपास काही शोधू नका. त्या दिवसांत शहरातला बरा ड्रमर, कीबोर्डवाला आणि साउंडवाला गरब्याला बांधलेला असतो, आणि श्रोतेही तिथेच असतात. १४-१५ जानेवारीला उत्तरायण, म्हणजे अख्खं गाव गच्चीवर. पावसाळ्यात मोकळ्यावर कार्यक्रम धरायची हिंमत कुणी करत नाही. विश्वामित्रीचं पाणी कधी कुठवर येईल ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. राहिला दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ. तो खरा हंगाम.

बाहेरून येणाऱ्या बँडला एकट्या बडोद्याची खेप परवडत नाही. मुंबई इथून चारशे किलोमीटरच्या आसपास, अहमदाबाद एकशे दहा. एका फेरीत दोन्ही गावं केली तर प्रवासखर्च निघतो. म्हणून आवडत्या बँडची अहमदाबादची तारीख जाहीर झालेली दिसली, की पुढच्या-मागच्या दिवशी बडोदं आहे का ते बघायचं. ही बातमी वर्तमानपत्रात येत नाही. बँडच्या आणि कार्यक्रम ठेवणाऱ्या कॅफेच्या इन्स्टाग्रामवर येते, कधीकधी आठवडाभर आधी.

जागा मोकळी आहे की बंदिस्त, तेही त्याच वेळी बघून ठेवा, कारण त्यावर अख्खी वेळ ठरते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. बारापर्यंतची सूट राज्य सरकार वर्षातल्या मोजक्या दिवसांनाच देऊ शकतं, आणि त्यातले बरेच गरब्याच्या वाट्याला जातात. थोडक्यात, हिरवळीवर किंवा गच्चीवर कार्यक्रम असेल तर दहाला सगळं आटोपतं. मोठ्या नावाला तास-सव्वा तास द्यायचा आणि दहाला थांबायचं, तर लहान नाव साडेसात-पावणेआठला रंगमंचावर चढलेलं असणार. साडेआठला निघून काय मिळेल ते बघा.

तिकीट

तिकिटं बुकमायशो किंवा डिस्ट्रिक्ट या अ‍ॅपवर मिळतात. लहान कॅफे नुसता यूपीआयचा कोड देतात आणि दारात यादीवर नाव लिहून घेतात. किंमत पायरीपायरीनं चढत जाते, पहिली काही तिकिटं स्वस्त, मग दुसरा टप्पा, मग दारातला भाव. जायचं नक्की असेल तर पहिल्याच टप्प्यात घ्या. ४९९ रुपयांची तिकिटं जागोजाग दिसतात त्याला कारण आहे : माणशी पाचशे रुपयांपर्यंतच्या संगीत कार्यक्रमाच्या प्रवेशावर जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की लागतो. अ‍ॅपवाल्यांचं शुल्क वेगळं, ते शेवटच्या पडद्यावर दिसतं.

तिकिटावर 'कव्हर' असं लिहिलं असेल तर तेवढ्या पैशांचं, किंवा त्यातल्या काही भागाचं, आत खाता येतं. किती, ते नीट वाचा. वयाची अटही वाचा. दारूचा बार नसल्यामुळे आपल्याकडे लहान मुलांना आणि शाळकऱ्यांना बरेचदा सोडतात, पण ते त्या त्या जागेवर आहे. 'बसून' की 'उभं' हेही तिकिटावर असतं. गुडघे दुखणाऱ्या काकांना घेऊन जायचं असेल तर आयोजकाला आधी मेसेज करून दोन खुर्च्या मागून ठेवा. बहुतेक देतात, फक्त आधी सांगायला हवं.

आदल्या आठवड्यात

दोन्ही बँडांची तीन-तीन, चार-चार गाणी ऐका. जास्त नको. मोठ्या नावाची गाणी कुठेही सापडतील. लहान नावाची शोधावी लागतील, कदाचित दोनच प्रसिद्ध झालेली असतील. तीच दोन चार वेळा ऐका. ओळखीची चाल समोर सुरू झाली की अनोळखी बँडसुद्धा आपलासा वाटतो, आणि उरलेली, अजून कुठेच न आलेली गाणी ऐकायला कान तयार होतो. शब्द पाठ करत बसू नका. ते त्या रात्री शेजारची मुलगी गाऊन दाखवते.

अंगावर आणि खिशात

बूट घाला. अंधारात, गर्दीत, वायरी पसरलेल्या ठिकाणी चपलेनं पाय तुडवला जातो. डिसेंबर-जानेवारीत मोकळ्यावर जाकीट लागेल, पण आत गर्दीत तेच ओझं होतं, म्हणून कमरेला बांधता येईल असं घ्या. पाठीवरची मोठी सॅक नको. मागच्या माणसाच्या पोटात जाते. फोन पूर्ण चार्ज, तिकिटाचा स्क्रीनशॉट (आत नेटवर्क जातं), थोडे सुटे पैसे, ओळखपत्र.

आणि इअरप्लग, म्हणजे कानात घालायची बुचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण याबद्दल कुणीच सांगत नाही.

अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा आहे : ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सहन होतो, आणि आवाज दर तीन डेसिबलनं वाढला की मुदत निम्मी होते. या हिशेबानं १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. लहान बंदिस्त खोलीत ड्रम आणि अ‍ॅम्प्लिफायर सुरू झाले की शंभरपर्यंत जायला वेळ लागत नाही, आणि आपण तिथे दोन-अडीच तास असतो. केमिस्टकडे मिळणारे फोमचे प्लग स्वस्त असतात आणि काम करतात. अट एकच, घालता आले पाहिजेत. बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी बसवलेला प्लग दागिन्यासारखा दिसतो, उपयोग शून्य. कापसाचे बोळे तर विसराच. फोमनं तार स्वर जास्त दबतात आणि गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं, ही तक्रार खरी आहे. संगीतासाठीचे वेगळे प्लग मिळतात, ते सगळे स्वर साधारण सारखेच कमी करतात. महिन्यातून एकदा जायला लागलात की ते घ्या. लहान मुलांना प्लग नव्हे, कान झाकणारे मफ लावा.

दारूबंदीबद्दल

पुण्या-मुंबईहून मित्र येणार असतील तर त्यांना स्टेशनवर उतरायच्या आधी सांगा. इथे कार्यक्रमात बिअर मिळत नाही, बाटलीत मिसळून आणायची नाही, आणि बाहेर पिऊन यायचं नाही. पिणं हाच गुन्हा आहे. बाहेरगावच्या माणसाकडे परमिट असलं तरी ते गर्दीत प्यायचा परवाना नव्हे. दारात पिशव्या तपासतात, पाण्याची बाटलीसुद्धा हुंगतात.

मला स्वतःला याचा फायदाच वाटतो. बारच्या काउंटरवरचा कलकलाट नाही, अंगावर काही सांडत नाही, आणि घरी "कुठे जातेस" या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. तोटा एवढाच, की कॅफेचा सगळा धंदा खाण्यावर, त्यामुळे हळुवार गाण्याच्या ऐन मध्यावर कुणाचं तरी सिझलर फुसफुसत येतं. आपण तसं करायचं नाही. पोहोचल्या पोहोचल्या मागवा, पहिल्या बँडच्या आधी संपवा, मग ताट बाजूला.

उभं कुठे राहायचं

दार उघडायची वेळ आणि वाजवायला सुरुवात होण्याची वेळ यांत अर्धा-पाऊण तासाचं अंतर असतं. दार उघडल्यावर वीस मिनिटांत पोहोचा.

सगळ्यात पुढे जाऊ नका, निदान पहिल्या वेळी. तिथे ड्रम आणि गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर थेट अंगावर येतो, पण गाणाऱ्याचा आवाज मुख्य स्पीकरांतून तुमच्या डोक्यावरून मागे जातो. शब्द ऐकू येत नाहीत, आणि मग घरी जाऊन लोक सांगतात, नुसता गोंगाट होता. भिंतीला आणि कोपऱ्याला टेकूनही उभं राहू नका, तिथे बेस गोळा होऊन गढूळ होतो. साउंडवाला बसतो ते मिक्सरचं टेबल शोधा. त्याच्या किंचित पुढे, दोन्ही स्पीकरांच्या मधोमध, ही जागा. तो स्वतःच्या कानाला जे बरं वाटतं तेच तुम्हाला देत असतो, तर त्याच्याजवळच थांबावं. लहान कॅफेत टेबल नसतं, एक मुलगा टॅबलेट घेऊन फिरत असतो. मग खोलीच्या मध्याच्या जरा मागे उभं राहा.

हे शहर ऐकणाऱ्यांचं आहे. मौलाबक्षांनी १८८६मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं इथे गायनशाळा काढली, तिचंच पुढे म्युझिक कॉलेज झालं. उस्ताद फैयाज खाँ दरबारात गायले आणि १९५०मध्ये इथेच गेले. पण ती सवय बसून, पुढून दाद देत ऐकायची. आमच्या आत्याबाई आयुष्यभर म्युझिक कॉलेजच्या मैफलींना पहिल्या रांगेत बसल्या. त्यांना मी एकदा घेऊन गेले, मिक्सरच्या शेजारी खुर्ची मिळवून दिली. पूर्ण वेळ बसल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ड्रमवाला मुलगा लयीला पक्का आहे गं. फक्त कुणीतरी त्याला हळू बोलायला शिकवा." याहून चांगलं परीक्षण त्या रात्रीचं कुणी केलं नसेल.

दाद मात्र इथे वेगळी. गाणं चालू असताना "वाहवा" म्हणायची पद्धत नाही. ओळखीचं धृपद आलं की ओरडा, गा, आणि टाळ्या गाणं संपल्यावर. लयीत टाळ्या वाजवायच्या तर भजनासारख्या पहिल्या मात्रेवर नकोत. चारांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, जिथे ड्रमचा कडक, चपराकीसारखा आवाज येतो तिथे. आपल्या हाताला हे सुरुवातीला उलटं वाटतं. पुढच्या ओळीतल्या कॉलेजच्या मुलींकडे बघा आणि त्यांच्याबरोबर वाजवा.

लहान अक्षरांतला बँड

दुपारी साउंडचेक, म्हणजे वाद्यं आणि माइक वाजवून बघणं, होतो तो उलट्या क्रमानं. मोठा बँड आधी, लहान बँड शेवटी. म्हणजे शेवटी तपासलेली मांडणी तशीच मंचावर राहते आणि पहिला बँड तीच वापरून सुरू करतो. सोय चांगली आहे, पण गाडी उशिरा आली, एखादी वायर दगा देऊ लागली, की उशीर सगळा शेवटच्याच्या वाट्याला येतो. त्यांचा अर्ध्या तासाचा चेक दहा मिनिटांवर येतो, कधी दारं उघडल्यावर नुसती एकेक वायर वाजवून बघतात. म्हणून त्यांचं पहिलं गाणं बरेचदा विस्कटलेलं ऐकू येतं. गळा दबलेला, कीबोर्ड हरवलेला. साउंडवाला त्या गाण्यात हात चालवत असतो. दुसऱ्या गाण्याच्या शेवटापर्यंत मत बनवू नका.

त्यांना मिळतात तीस-चाळीस मिनिटं. सात-आठ गाणी. समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या, उरलेल्यांतले निम्मे मोमोची वाट बघणारे. आणि तरी तिथे एक गोष्ट घडते, जी मोठ्या बँडकडे क्वचित घडते : ते धोका पत्करतात. चाळिसाव्यांदा वाजवून गुळगुळीत झालेलं गाणं त्यांच्याकडे नसतंच. गेल्या महिन्यात लिहिलेलं असतं, शेवट कसा करायचा हे मंचावर एकमेकांकडे बघून ठरतं. पुष्कळदा हा बँड इथलाच असतो, फतेगंजमध्ये खोली करून राहणारा, फाइन आर्ट्सच्या फाटकाबाहेर चहा पिणारा. त्यांची गाणी आपल्या रस्त्यांची असतात. पुढे सरका. वीस माणसं जरी पुढे येऊन उभी राहिली तरी गाणाऱ्याच्या आवाजात फरक पडलेला ऐकू येतो.

बोलायचं असेल तर बाहेर जा. गोंगाटी गाण्यात तुमचं बोलणं कुणाला कळत नाही, पण एका गिटारवरचं गाणं तीन टेबलांवरच्या गप्पांनी मरतं. व्हिडिओ एका गाण्याचा घ्या, फोन छातीशी धरून, डोक्यावर नाही.

मधला अर्धा तास

आता वीस-तीस मिनिटं काहीच होत नाही, असं वाटतं. ड्रमचा सांगाडा बहुधा तोच राहतो, पण स्नेअर (तो चपराकीसारख्या आवाजाचा ड्रम) आणि झांजा ज्याच्या त्याच्या बदलतात. गिटारवाले पायाखालच्या पेडलांची, म्हणजे आवाज बदलायच्या बटणांची, पाटी उचलून नेतात, दुसरी येते. "चेक, चेक, वन, टू" सुरू होतं. नवख्या माणसाला हा वेळ कंटाळवाणा जातो. त्यात तीन कामं उरका : पाणी, स्वच्छतागृह, आणि बँडचं टेबल.

टेबलावर टी-शर्ट, स्टिकर, कधी कॅसेटसुद्धा असते. लहान बँडचं कुणीतरी स्वतःच तिथे बसलेलं असतं, घाम पुसत. काही घ्यायचं असेल तर आत्ता घ्या. मोठ्या बँडनंतर तिथे झुंबड उडते आणि तुमच्या मापाचा शर्ट संपतो. टी-शर्टचे पैसे त्यांच्या हातात लगेच पडतात, परतीचं तिकीट त्यातून निघतं. काही घ्यायचं नसलं तरी बोला. "छान होतं" यापेक्षा "ते तिसरं, हळू सुरू होणारं गाणं कुठे मिळेल?" असं विचारा. चेहरा बघा मग. सेल्फी नंतर.

मोठं नाव

याबद्दल फार सांगायला नको, त्यांना ते काम येतं. आवाज पहिल्यापेक्षा थोडा चढलेला असेल, त्यांच्या दुपारच्या चेकला भरपूर वेळ मिळालेला असतो. प्लग काढले असतील तर परत घाला. शेवटचं गाणं झाल्यावर बँड आत जातो आणि दिवे लागत नाहीत; याचा अर्थ ते परत येणार आहेत. संगीत नाटकातल्या वन्स मोअरला तेच पद पुन्हा मिळतं, इथे एखाद-दोन वेगळी गाणी मिळतात, आणि ती बहुतेक यादीत आधीच लिहिलेली असतात. मोकळ्या जागी दहाचा काटा जवळ आलेला असेल तर मात्र कितीही ओरडलात तरी काही होणार नाही. पोलिसांची गाडी बाहेर उभी असते.

घरी परतताना

शहरबसवर विसंबू नका. संपता संपता पन्नास जण एकदम रिक्षा मागवतात आणि अ‍ॅपवरचा भाव चढतो. एकतर शेवटच्या गाण्यात मागवा, नाहीतर वीस मिनिटं थांबा. रस्त्यावरची रिक्षा असेल तर बसायच्या आधी भाडं ठरवा, "भाई, कारेलीबाग केटला?" इतकं गुजराती पुरतं. वासणा-भायलीकडच्या नव्या रस्त्यांवर रात्री रिक्षा विरळ असतात, तिथल्या कार्यक्रमाला स्वतःची गाडी किंवा आधी ठरवलेली सोबत हवी. एकट्या जाणाऱ्या मुलींसाठी : परतीची सोय जाण्याआधी ठरवा, लोकेशन घरच्या एकाला तरी चालू ठेवा, आणि १८१ हा अभयम हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये असू द्या. गर्दीत कुणी त्रास दिला तर गाणं संपायची वाट न बघता दारातल्या माणसाला किंवा थेट आयोजकांना सांगा. बरे आयोजक त्याला तिथल्या तिथे बाहेर काढतात. जे काढत नाहीत त्यांच्या पुढच्या कार्यक्रमाला जाऊ नका आणि मैत्रिणींनाही सांगा.

भूक लागलेली असणारच. कारेलीबागेतला रात्री बाजार यासाठीच आहे. सेव-उसळ घ्या, तरी वेगळी मागा आणि आधी चाखून मग ओता. कानात प्लग असताना आवाज जसा बेताबेतानं घेतला तशीच.

सकाळी कानात बारीक शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त झाला होता. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत जाते. दोन दिवसांनंतरही राहिली, किंवा एका कानानं कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, घरगुती तेल घालत बसू नका. आणि त्याच दिवशी लहान अक्षरांतल्या बँडला इन्स्टाग्रामवर फॉलो करा. त्यांचा पुढचा कार्यक्रम तिथेच आधी कळतो, आणि चाळीस जणांची खोली असेल तर जागा दोन दिवसांत भरते.